आष्टी मुक्कामी शर्यतीची नाव

पुणे, १२ फेब्रुवारी १९८७

ती. दाजींना भुजंगाचा दंडवत. अक्काला सांगा, तिचा धाकटा भाऊ खाणावळीतल्या रबरी चपात्या तोडतो आहे, पण धडधाकट आहे.

दाजी, एरवी मी ख्यालीखुशालीवर पान भरतो, आज थेट मुद्द्यावर येतो. तुम्ही बोट क्लबातून रिटायर होऊन आष्टीला गेलात आणि दोन वर्षांत क्लबाची कळाच बदलली. बाहेरून चार फायबरच्या नावा आल्या. प्लास्टिकच्या बादलीसारख्या गुळगुळीत. फुटल्या तर ठिगळ लावायचं आणि मोकळं व्हायचं. रंधा नको, तांब्याचे खिळे नकोत, आणि मग भुजंग तरी कशाला हवा?

सेक्रेटरी साहेबांनी परवा मला बोलावलं. म्हणाले, ‘लाकडाच्या सगळ्या नावा पाणी धरतात. पंधरा ऑगस्टच्या शर्यतीत एक जरी लाकडी नाव शेवटपर्यंत कोरडी राहिली, तर तुझी शेड ठेवतो. नाहीतर तिथं कँटीन करणार.’ शेड गेली की मीही गेलो. या वयात मला दुसरं कोण ठेवणार? मला दारं-खिडक्या करता येत नाहीत, तुम्हीच येऊ दिल्या नाहीत.

म्हणून तुम्ही बांधलेली ती एकट्यानं वल्हवायची लांबुडकी नाव मी साहेबांपुढं ठेवली. सहा फासळ्या गेल्यात, दोन फळ्या फाटल्यात. वल्हं दुरुस्त करीन, बैठक बसवीन, पण ती कागदासारखी फळी वाफेवर वाकवून बसवायला तुमचाच हात पाहिजे. तुम्ही पुण्याला येणार नाही हे ठाऊक आहे. तीस वर्षं मनीऑर्डरीवर संसार केलात, आता अक्काला सोडून एक रात्र बाहेर राहणार नाही असा शब्द दिलाय. मग नावच तुमच्याकडं पाठवतो. आपल्याकडचा कारभारी मोसंबीचा ट्रक घेऊन मार्केटला येतो आणि रिकामा परततो. तो घेऊन येईल. नाही म्हणू नका.

तुमचा भुजंग


आष्टी, ९ मार्च १९८७

चि. भुजंगास आशीर्वाद.

तुझी पाहुणी पोचली. ट्रकच्या मागून हातभर नव्हे, चांगली पुरुषभर बाहेर आली होती आणि टोकाला कारभाऱ्यानं लाल फडकं बांधलं होतं. शाळा सुटल्यासारखं गाव मागं धावत होतं. आपलं घर केवढं ते तुला माहीत आहे. नाव आत मावेना. शेवटी गोठ्याची मागची भिंत पाडली. म्हैस एका अंगाला, नाव दुसऱ्या अंगाला, आणि नावेचं नाक परसात. तुझी अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं नावेला हळदकुंकू वाहिलं, म्हणजे राग गेला असं मी धरून चाललोय.

गावचा टवाळ कडूबा येऊन उभा राहिला. त्याचं तोंड तुला ठाऊक आहे. म्हणतो, “रामराव, म्हशीला पानी पाजायला येवढी लांब डोण? का अख्ख्या गावाला पाजून राह्यलेत?” मी म्हटलं, अरे ही शर्यतीची नाव आहे, एका माणसाला घेऊन नदीवरून पळते. त्यानं नाव पाहिली, मग आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाला, “नदी कवा येनार? तिला बी कारभारीच आनून देतो का?” लोक खूप हसले. मीही हसलो.

नावेची हाडं बरी आहेत. तळाच्या लांब लाकडाला, कण्याला, धक्का नाही, तेवढं असलं की बाकी माणसाच्या हातचं आहे. फक्त सगळ्यांना बजावून ठेवलंय की तिच्यात काही ठेवायचं नाही. पाण्यावर असते तेव्हा खालून पाणी तिला उचलून धरतं, म्हणून ती माणूस पेलते. इथं दोन टोकांना दोन लाकडी घोड्यांवर टेकलेली, मध्ये अधांतरी आहे. तिच्यात मांजर बसलं तरी माझा जीव वरखाली होतो.

फळीला देवदार आणि तांब्याचे बारीक खिळे कारभाऱ्याबरोबर पाठव. प्रकृती उत्तम आहे.

रामराव


पुणे, २ एप्रिल १९८७

दाजी, देवदार आणि खिळे पाठवलेत.

प्रकृती उत्तम म्हणता, पण तुमच्या ओळी पत्रावरून उतारावरच्या गाडीसारख्या खाली घसरतायत. पूर्वी तुम्ही पट्टी न लावता सरळ लिहायचात. डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय ना? मी नोकरीसाठी नावेच्या मागं लागलोय खरा, पण आंधळ्या दाजींनी फासळी बसवली तर नाव नदीत गोल गोल फिरेल. डॉक्टरांना दाखवा.

इथं फायबरवाल्यांचा थाट पाहवत नाही. पोरं नाव पाण्यातून काढतात आणि तशीच उन्हात टाकून चहाला जातात. मी पुसायला गेलो तर म्हणतात, ‘राहू द्या हो काका, हिला काही होत नाही.’ काही होत नाही अशा वस्तूचा लळा कसा लागायचा?

भुजंग


आष्टी, १७ मे १९८७

चि. भुजंगास आशीर्वाद.

सहाही फासळ्या बसल्या. न्हाणीच्या चुलीवर पत्र्याचं नळकांडं ठेवून वाफ केली. तुझ्या अक्कानं फळीचं एक टोक धरलं. चटके बसत होते तरी सोडलं नाही. दुसरी फळी बसली तेव्हा मी नावेवरून हात फिरवला आणि जोड बोटाला लागला नाही. हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, हातानं पाहिलेलं आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. डोळ्याचं तू बरोबर ओळखलंस. उजवा गेल्यात जमा आहे.

पण काम आता वेगळ्याच जागी अडलंय. पुण्याच्या शेडमागं नदी होती, हवेत ओल होती. इथं वैशाखातलं वारं तव्यावरून आल्यासारखं येतं. लाकूड सुकलं आणि जुन्या फळ्यांचे जोड उघडले. बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात ढिलं पडलं की आपण ओढ्यात टाकून ठेवतो, तशातलाच प्रकार. फक्त हिला टाकायला ओढा नाही. जोडात फट बुजवायची लांबी भरता येत नाही. आज भरली तर उद्या पाण्यात फळी फुगेल आणि जागा न मिळाल्यानं फासळ्याच तोडील. हिला बाहेरून ओल दिली पाहिजे, रोज, हळूहळू.

म्हणून मी गोणपाटं भिजवून तिच्यावर घालत होतो. आमच्या दोघांच्या अंघोळीचं पाणी त्यात जायचं. अंघोळ आठवड्यातून एकदा. अक्का म्हणते, “नाव नहाते, आपुन वास मारतो.” विहिरी आटल्यात, टँकर एक दिवसाआड येतो आणि त्याच्यावर बाया तुटून पडतात. परवा मी गोणपाट पिळत होतो आणि शेजारची सगुणाबाई रिकामा हंडा घेऊन दारावरून गेली. नुसतं त्या ओल्या गोणपाटाकडं पाहत गेली. टँकर तिच्या पाळीआधीच संपला होता.

मी त्याच दिवशी गोणपाटं काढली आणि आमचं उरलेलं पाणी तिच्या घरी देऊन आलो. भुजंगा, शिव्या घालायच्या तर घाल. मला ते जमलं नाही. पाऊस पडला की नाव अंगणात काढीन, दोन दिवसांत जोड मिटतील. मृग काही लांब नाही.

रामराव


पुणे, १० जून १९८७

दाजी, शिव्या कसल्या घालतो. मीही तेच केलं असतं. पण केलं असतं म्हणूनच घाबरलोय.

काल दोन माणसं टेप घेऊन आली आणि शेड मोजून गेली. भटारखाना कुठं आणि टेबलं कुठं हे माझ्यासमोर ठरवत होती. मी रंधा घेऊन उभा होतो, त्यांनी मला बाजूला सरकायला सांगितलं. साहेब म्हणाले, ‘पंधरा ऑगस्टपर्यंत शब्द दिलाय, तो पाळतो.’ म्हणजे शब्द अजून आहे. कारभारी जुलैअखेरीस नाव आणायला तयार आहे.

जालन्याला डोळ्यांचं शिबिर आहे असं कळलं. पावसाची वाट पाहत बसण्यापेक्षा तेवढ्यात ऑपरेशन करून घ्या. शेवटचं रोगण तरी दोन डोळ्यांनी लावाल. अक्काला दिलेला शब्द मी तिच्याकडून माफ करून घेतो. चार दिवस ती एकटी राहील, नाव सोबतीला आहेच. माझं एवढं ऐका.

भुजंग


आष्टी, ४ जुलै १९८७

भुजंगा, तुझ्या अक्काचा तुला आशीर्वाद. हे पत्र सगुणाबाईची सून लिहून राह्यली, ती सातवी शिकेल हाय. म्या बोलन तसंच लिही म्हणून शपथ घातली.

हे जालन्याला गेलेत. आपरेशन बराबर झालं म्हणून निरोप आल्ता. बुधवारी येतेत. पाऊस बिलकुल न्हाई. मिरग कोरडा गेला, आर्द्रा बी गेल्यात जमा. नाव तडकून तडकून तिच्यातून परसातला उजेड दिसू लागला. ह्यान्ला जाताना दिसलं न्हाई, पण हातानं चाचपून पाहिलं. जेवले न्हाई. मला रातभर वाटलं, हा माणूस नावेसाठी तीस साल माझ्यापासून दूर राह्यला, आता नाव बी गेली तर ह्यानं करायचं काय?

मंग आईक. काल पारावर गाव बसलं. पावसासाठी म्हादेव पान्यात कोंडायचा ठरला. पर गाभारा लई मोठा, पिंड बुडंस्तोवर भरायला दोन टँकर लागतेन. मंग कडूबाच बोलला. तोच, ज्यानं डोण म्हणून टवाळी केल्ती. म्हणला, “रामरावनं आपली बायका-पोरं पाहून नावेचं पानी तोडलं. नाव तहानेनं मरून राह्यली. धाकली पिंड नावेत बसवा. घरटी येक हंडा पानी ओता. म्हादेव बी बुडंल आन नाव बी फुगंल.” समद्याईला पटलं. माझ्या डोळ्याला पानीच आलं. सगुणाबाई म्हणली, पहिला हंडा माझा.

सोमवारपसून भरायचं, म्हादेवाचा वार हाय. बुधवारी हे आले की शेवटचा हंडा ह्यांच्या हातानं. ह्यान्ला काहीच सांगेल न्हाई. आल्यावर खूश होतेन. तू बी काळजी करू नको, तुझी नाव गावानं आपल्या पदरात घेतली हाय. तुझी नोकरी आता जात न्हाई.

तुझी अक्का साळूबाई


तार. पुणे, ८ जुलै १९८७

नावेत पाणी भरू नका. भरलं असेल तर आत्ता काढा. भुजंग


आष्टी, १४ जुलै १९८७

चि. भुजंगास आशीर्वाद.

तुझी तार गुरुवारी आली. नाव बुधवारी गेली.

मी एस.टी.तून उतरलो तर हलगी वाजत होती. एका डोळ्याला पट्टी, दुसरा अधू. वाटलं कोणाचं लग्न असेल. पोरांनी हात धरून गोठ्यात नेलं. सगळ्या बाया उभ्या होत्या. नावेत पाणी होतं, काठापासून जेमतेम वीतभर खाली. मधोमध पिंड बुडालेली, वर बेलाची पानं तरंगत होती. अक्का म्हणाली, “पैल्या दिशी लई गळली. आम्ही खाली भांडे ठिवले आन गळेल ते पुन्हा ओतलं. आज बघा.”

मी खाली हात घातला. भुजंगा, एक थेंब गळत नव्हता. सगळे जोड मिटले होते. शर्यतीला हवी होती तशीच झाली होती. आणि त्याच हाताला कणा लागला. दोन घोड्यांच्या मध्ये तो अंगठाभर खाली आला होता. लाकूड बारीक कुरकुरत होतं. हलगीत बाकी कोणाला ऐकू जात नव्हतं.

पाणी उपसा म्हणायला मी तोंड उघडलं. पण पिंड बुडाल्यावर पाऊस येईपर्यंत पाणी हलवायचं नसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेवढ्यात कडूबानं हंडा पुढं केला. “रामराव, ह्यो तुमच्यासाठी ठिवलाय. नाव तुमची, पानी गावाचं.” लोकांनी प्यायचं ठेवून ते ओतलं होतं. ज्या बाईकडं बघून मी गोणपाटं काढली, तिनं पहिला हंडा ओतला होता. मी त्यांना काय सांगू, की तुम्ही जीव लावलात तो चुकीचा लावलात?

मी हंडा घेतला आणि ओतला. अगदी हळू ओतला, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

आवाज फार मोठा झाला नाही. मध्यात वाकली, मग दोन्ही टोकं वर आली आणि ती घोड्यांवरून उतरली. पाणी सगळ्यांच्या पायाखालून गेलं. बाया चिखलातून ओंजळीनं पाणी गोळा करू लागल्या. तुझी अक्का नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी मोठ्यानं सांगितलं, लाकूड आतून किडलेलं होतं, आज ना उद्या मोडणारच होतं, तुमचा काही दोष नाही. सगळ्यांना ते खरं वाटलं. तुझ्या अक्काला वाटलं नाही. तिनं तेव्हापासून एक शब्द काढलेला नाही.

तू साहेबांना सांग, दाजींच्या हातून झालं. खोटं नाही.

रामराव


पुणे, २२ ऑगस्ट १९८७

दाजी,

शर्यत झाली. सगळ्या नावा फायबरच्या होत्या. दुसऱ्या दिवशी शेडमधल्या लाकडी नावा बाहेर काढल्या. लांब होत्या, ट्रकमध्ये मावत नव्हत्या, म्हणून कापायचं ठरलं. कापायला मीच होतो, कारण करवत मलाच धरता येते. पाच नावा कापल्या. त्यातल्या तीन तुमच्या होत्या. कुठून कापली की सहज तुटते हे तुम्हीच शिकवलं होतं, उलटं. इथं कधी जोर देऊ नकोस म्हणायचात, तिथंच दिला. न्हाणीघराच्या बंबाला आता महिनाभर जळण आहे.

मला काढलं नाही. गेटवर बसवलंय. शिट्टी दिलीय.

अक्काचा मला राग नाही. गावाचाही नाही. त्यांना काय माहीत. पण दाजी, तुम्हाला माहीत होतं. तुमच्या हाताला कणा लागला होता. तुम्ही पट्टी बांधलेले म्हातारे, ‘चक्कर आली’ म्हणून हंडा खाली ठेवला असता तरी चाललं असतं. गाव चार दिवस रुसलं असतं. नाव कदाचित राहिली असती. तुम्ही गावाचं मन राखलंत. माझं कोणी राखायचं?

इतक्यात पत्र लिहू नका. मीही लिहिणार नाही.

भुजंग


आष्टी, ११ मे १९८८

चि. भुजंगास आशीर्वाद.

तू लिहू नको म्हणालास, मी नऊ महिने ऐकलं. या पत्राला उत्तर द्यायचं की नाही ते तुझ्यावर.

तू विचारलंस त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पुष्कळदा तो हंडा मी मनात खाली ठेवून पाहतो. तेवढ्यानं ती वाचली असती का, हे मला सांगता येत नाही, आणि हाच फास आहे. तुझं गेलं ते माझ्या हातून गेलं. त्यावर मी पांघरूण घालत नाही.

अक्का आता बोलते, पण नावेचं नाही. तुटके तुकडे तिनं जळणात जाऊ दिले नाहीत, माळ्यावर ठेवलेत.

गेल्या साली पाऊस आला तो पोळ्याच्या सुमारास आला. पिकाला त्याचा उपयोग झाला नाही, विहिरींना थोडं पाणी झालं. पण आला. आणि गाव म्हणायला लागलं की नाव मोडली म्हणून आला. म्हादेवानं नाव घेतली आणि पाऊस दिला. कडूबा हे ज्याला त्याला सांगतो, आता टवाळी करत नाही, हात जोडून सांगतो. शेजारच्या दोन गावांचे लोक येऊन आमचा गोठा बघून गेले.

अक्षय्य तृतीयेला कडूबा, सगुणाबाई आणि चार कर्ती माणसं नारळ-सुपारी घेऊन घरी आली. म्हणाले, “रामराव, यंदा मिरगाच्या आधीच नाव बांधा.” मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कशाला? “म्हादेव बसवाया. मागल्या साली उशीर झाला म्हणून पाऊस उशिरा आला. यंदा जल्दी बांधा.” मग कडूबा जरा घुटमळला आणि म्हणाला, “पर लई मजबूत नका करू. तिसऱ्या दिशी मोडाया पायजे.”

तीस वर्षं मी नावा बांधल्या, पण माझ्या गावानं मला कधी नाव बांधायला सांगितली नव्हती. पहिल्यांदा सांगितली ती अशी. मी सुपारी हातात धरून बसलो. अक्का चुलीपाशी होती, तिनं वळून पाहिलं नाही. मी हो म्हणालो. दुसरं कोणी मला आता नाव बांधायला सांगणार नाही, आणि तुलाही नाही.

आंब्याच्या फळ्या मिळाल्यात. कणा बसवला, फासळ्या बसवतोय. ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्यानं बरं दिसतं. पण मला वाईट बांधता येत नाही, हे आता कळलं. फळी ओबडधोबड सोडावी म्हणतो आणि रंधा आपोआप चालत राहतो. जोड घट्टच बसतात. ही अशी झाली तर मोडणार नाही, सगळं गाव पाणी ओतून उभं राहील आणि ही तशीच राहील. मोडायची तर कणा मधोमध, सातव्या फासळीपाशी, खालून पोखरून ठेवला पाहिजे. किती पोखरायचा तेही मला ठाऊक आहे. तीनदा हत्यार लावलं आणि तीनदा परत ठेवलं.

तू पाच नावा कापल्यास. तुझा हात आता धजत असेल. गेटवरून आठ दिवस सुटी मिळाली तर मिरगाच्या आधी ये, आणि तेवढी जागा तू पोखर. माझ्याच्यानं होत नाही.

तुझा
रामराव